हातात आलेली घंटा

मी बोलतेय ती देवळातली घंटा नव्हे, शाळेतली तर नव्हेच. देवळातलीला मान असतो आणि शाळेतलीची पोरं दिवसभर वाट बघत असतात. मी बोकडाच्या गळ्यातली. आयुष्याची आठ वर्षं बोकडाच्या मानेला चिकटून काढली, त्यामुळे अंगाला त्याचा वास आहे. लिंबू लावून घासलं तरी जात नाही. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी इथेच थांबावं, मला राग येणार नाही. रागवायचं बळही आता राहिलेलं नाही.

माझा जन्म ग्रीसमधल्या अम्फिसाचा. मास्त्रो-आर्गिरिस नावाच्या ओताऱ्याने तांबं आणि कथील एकत्र वितळवून मला ओतलं. त्याचा एक कान भट्टीच्या ठोकाठोकीत गेला होता. भावात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तो नेमका तोच कान करायचा. दुसरा कान मात्र असा तिखट, की रस्त्यावरून कळप गेला तर कुठल्या शेळीच्या घंटेला चीर गेलीय ते हा आत बसून सांगायचा.

आमच्याकडे शेळ्यांच्या घंटा नगावर घेत नाहीत, जुळवून घेतात. करडाच्या इवल्याशा घंटेपासून कळपाच्या म्होरक्याच्या घंटेपर्यंत तीस आवाज एकमेकांत बसावे लागतात. एक जरी भलतीच ओरडली तर राखणाऱ्याचं दिवसभर डोकं उठतं. मी म्होरक्यासाठी होते, सगळ्यांत मोठी. मला निवडायला पेत्रोवुनी गावाहून लांब्रोस आणि त्याचा मुलगा फोतिस आले होते. फोतिसने माझ्याआधी अकरा घंटा वाजवून बाजूला ठेवल्या.

लांब्रोस कंटाळला. म्हणाला, "अरे, तू घंटा बघायला आलायस का बायको?"

"बायको एखाद वेळेस गप्प तरी बसेल, बाबा," फोतिस म्हणाला. "हिला रोज सकाळपासून ऐकायचंय."

मग त्याने मला वाजवलं. आवाज जवळ आला होता, पण पुरता बसत नव्हता. मास्त्रो-आर्गिरिसने कानस घेतली आणि माझी कड थोडी घासली. दुखलं. पुन्हा वाजवलं तेव्हा बाप-लेक दोघांनी एकदमच डोळे मिटले. डोळे मिटलेल्या त्या दोन चेहऱ्यांइतकं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही.

मला ल्यारोसच्या गळ्यात बांधलं. ल्यारोस हा कबऱ्या रंगाचा खच्ची बोकड, कळपाचा म्होरक्या. स्वतःला फार शहाणा समजायचा आणि चाळीसेक टक्के होताही. तो चालला की मी वाजायची, मी वाजले की एकशे दहा शेरडं मागून यायची, आणि त्या सगळ्यांच्या मागे शीळ घालत फोतिस. असा आमचा क्रम होता.

लांब्रोसच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरायला लागला होता. शहरातला डॉक्टर म्हणाला, अर्ध्या तासाचं काम आहे. लांब्रोस म्हणाला, माझ्या डोळ्यात सुरी घालणारा अजून जन्मायचाय. तेव्हापासून तो कानांनी बघायला लागला. अंगणात द्राक्षवेलाखाली बसून माझ्या आवाजावरून बायकोला सांगायचा, "आता ल्यारोस झऱ्यावर थांबलाय. आता चढणीला लागला. आता कुणाच्या तरी वावरात तोंड घातलंन मेल्याने." त्याची बायको स्तामाता म्हणायची, "मी घरात काय करते ते कधी सांगाल?" 

मी आल्यानंतर तीन वर्षांनी फोतिसने पिरेअसहून आन्थीला लग्न करून आणलं. बंदरावरची मुलगी. पहिल्या दिवशी तिने शेळीला घाबरून खुर्चीवर पाय घेतले होते. वर्षभरात ती ल्यारोसच्या कानाखाली वाजवू लागली. पाच वर्षं ती त्या घरात नांदली. मूल झालं नाही. स्तामाताने त्यावरून एक शब्द कधी काढला नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण सासवांचं वाईटच सांगायची पद्धत आहे.

गावाच्या खाली, दोन टेकड्यांच्या खोबणीत, जुना कोट आहे. हजारो वर्षांपूर्वीचं शहर. तट, वेशीची कमान, डोंगराच्या उतारात कोरलेलं दगडी बाकांचं नाट्यगृह. शिकलेले लोक तिथे टोपी काढतात, आमच्या शेळ्या तिथे लेंड्या टाकतात. तटाच्या कोपऱ्यात एक बुरूज अर्धा उभा आहे आणि त्याच्यावर आयव्हीचा हिरवागार वेल चढलाय. ल्यारोसचा त्या वेलावर फार दिवसांपासून डोळा होता.

मार्च महिना होता, धुकं होतं. ल्यारोस बुरुजावर चढला. मीही चढले, माझं वेगळं चढणं कुठलं! खालून फोतिसने हाका मारल्या, दगड भिरकावले, शिव्या घातल्या. शेवटी तो आम्हाला उतरवायला वर आला. त्याचा हात पडला तो दगड दोन हजार वर्षांत हलला नसेल. त्या दिवशी हलला.

ल्यारोस नंतर आपणहून खाली उतरला. वेल खाऊन झाला होता. त्याला उतरवायला कुणी यायची गरजच नव्हती. मी टणटण वाजत होते, आणि वर अंगणात लांब्रोस माझ्यावरून स्तामाताला सांगत होता की पोरगा निघाला, भाजी गरम कर.

आमच्यात घरात कोणी गेलं की कळपाच्या घंटा काढतात. शेरडंही सुतकात. कुणी चाळीस दिवस पाळतं, कुणी वर्ष. लांब्रोसने मातीहून परत येऊन स्वतःच्या हाताने तीसच्या तीस घंटा सोडवल्या. एकोणतीस घंटांच्या पोटात लोकर कोंबून त्या गोठ्यातल्या खिळ्याला टांगल्या. चाळीसाव्या दिवशी आन्थी पिरेअसला बहिणीकडे जायला निघाली, तेव्हा मला तिच्या हातात देऊन तो म्हणाला, "ही तू ने." का, ते बोलला नाही. तिला वाटलं, आठवण म्हणून. मलाही तसंच वाटलं.

पिरेअसला मी दोन वर्षं फ्रिजच्या वरच्या फळीवर होते, पोटात एक लोकरी मोजा. आन्थी पावाच्या दुकानात कामाला लागली. तिथल्या भट्टीची वायर जळाली तेव्हा सोतीरिस नावाचा वायरमन आला. भट्टी एका दिवसात दुरुस्त झाली, तरी तो आठवडाभर येत राहिला. जाडगेला, बडबड्या, पन्नाशीला टेकलेला माणूस. मी त्याच्या नावाने बोटं मोडायचं ठरवलं होतं. पण आन्थी कामावरून थकून यायची तेव्हा हा तिला खुर्चीत बसवून स्वतः मसूर शिजवायचा, आणि ते मसूर इतके वाईट व्हायचे की ती हसायची. फोतिस गेल्यानंतर मी ते हसणं ऐकलं नव्हतं. मग मी बोटं मोडायची सोडून दिली.

त्याने लग्नाचं विचारलं. आन्थी म्हणाली, "आधी मला वर जाऊन यायचंय. त्या दोघांना माझ्या तोंडून कळलं पाहिजे, गावातल्या तोंडांतून नाही."

तिला दुसरंही एक काम होतं, आणि ते मी होते. स्तामाताचा दर रविवारी फोन यायचा. दोन वर्षं झाली तरी लांब्रोसने घंटा परत बांधल्या नव्हत्या. मुका कळप, आंधळा राखणारा. शेरडं रानात चुकायची, कुठे गेली ते त्याला ऐकू यायचं नाही, आणि लांडग्याला ऐकू यायची गरज नसते. एकशे दहाची शेहेचाळीस उरली होती. स्तामाता फोनवर म्हणाली, "मी सांगून थकले गं. उरलेली शेरडं गेली की हा माणूसही जाईल, दुसरं काय आहे त्याला! ती मोठी घंटा इथे असती तर तिच्या मागून बाकीच्या बांधल्या असत्यान् का, कोण जाणे."

तेवढं आन्थीला पुरलं. आणि खरं सांगते, मलाही पुरलं. मला घरी जायचं होतं. मला वाजायचं होतं. तोंडात मोजा घेऊन फ्रिजवर बसलेल्या घंटेला दुसरं काय सुचणार!

जूनमधल्या एका शनिवारी ती दोघं निघाली. गाडी सरळ गावाच्या चौकात जाते, पण चौकात कॉफीचं दुकान आहे आणि दुकानाबाहेर खुर्च्या आहेत. आन्थीला त्या खुर्च्यांपुढून परक्या पुरुषाबरोबर जायचं नव्हतं. तिने गाडी खाली पुलाशी लावायला सांगितली. तिथून जुन्या कोटातून दोन तासांची पायवाट आहे. मला पाठपिशवीत पाव, चीज आणि टोमॅटोंच्या खाली ठेवलं होतं.

सोतीरिसने नवे बूट घातले होते. वेशीच्या कमानीपर्यंत येताना त्याने देवाचं नाव जितक्या वेळा घेतलं तितकं आमच्या पाद्रीनेही वर्षभरात घेतलं नसेल.

"या लोकांना सपाट जागा माहीतच नव्हती का?" तो धापा टाकत म्हणाला. "एवढे मोठे तत्त्वज्ञ म्हणे! एकालाही सुचलं नाही की बाबांनो, शहर खाली बांधू."

"खाली शत्रू येत होते."

"अगं, शत्रूलाही दम लागतोच की. मी शत्रू असतो तर इथवर येऊन म्हटलं असतं, जाऊ दे, पाणी द्या फक्त."

आन्थी हसली. मग बुरूज दिसला आणि हसणं थांबलं. तिने हात करून दाखवला, "तो." सोतीरिसने टोपी काढली. ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशी मी त्याच्याशी भांडले होते. मोज्यांवरून. ओले मोजे चुलीवर टाकले म्हणून." 

"असलं सगळीच भांडतात गं," सोतीरिस म्हणाला.

"हो. पण सगळ्यांना संध्याकाळ मिळते."

नाट्यगृहापाशी आल्यावर ती म्हणाली, "मी जरा वर जाऊन बसते. एकटी. तू इथे सावलीत खायचं काढ." बाकांच्या पायऱ्या चढत ती अगदी वरच्या ओळीत गेली. तिथून गाव दिसतं, घराचं छप्परही दिसतं. ती तिकडे तोंड करून बसली.

सोतीरिसने रुमाल अंथरला, पाव कापला, टोमॅटोला मीठ लावलं. मग मी त्याच्या हाताला लागले. त्याने मला वर काढलं, उलटंपालटं केलं, मोजा बघून हळहळला. "काय गं, तुझं तोंड कोणी बांधलं?" असं म्हणत त्याने मोजा ओढून काढला. वाईट हेतू नव्हता हो. वर ती एकटी बसलीय, खांदे पडलेत, तिचं मन जरा दुसरीकडे वळवावं, एवढंच. त्याने कुठेतरी ऐकलं होतं की या नाट्यगृहांत खाली नाणं पडलं तरी शेवटच्या ओळीला ऐकू येतं. तो मधोमध जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "आन्थी! हे ऐक!"

ती गर्रकन वळली. तिने मला ओळखलं. तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. ती "नको" म्हणाली असणार, जीव तोडून म्हणाली असणार. पण त्या बांधणाऱ्यांनी खालचं वर जाईल अशी सोय केली होती, वरचं खाली यायची केली नव्हती.

सोतीरिसने मला हलवलं.

आता माझा गुन्हा सांगते. मला हळू वाजता आलं असतं. घंटेच्या हातात काही नसतं असं माणसं समजतात, पण थोडं असतं. मी हळू वाजले नाही. दोन वर्षांचं तुंबलेलं सगळं मी त्या दगडांत ओतलं. अम्फिसाच्या भट्टीत घासलेल्या कडेसकट, आठ वर्षांच्या चढणींसकट वाजले. आणि त्या नाट्यगृहाने माझा आवाज उचलला आणि डोंगरावर नेऊन ठेवला.

आधी शेरडं आली. तटाच्या भगदाडातून एकेक, आवाज न करता, जणू भुतांचा कळप. सगळ्यांत पुढे ल्यारोस. म्हातारा झाला होता, एक शिंग तुटलं होतं. तो थेट सोतीरिसच्या गुडघ्यापाशी आला आणि त्याने कपाळ टेकवलं. सोतीरिस खूश झाला. "अगं, बघ! जेवायला पाहुणे आले!"

मग वरून हाक आली, डोंगरापार पोचणारी राखणाऱ्याची हाक. "फोतिस! अरे फोतिस!"

लांब्रोस नाट्यगृहाच्या वरच्या कुरणात होता. तो काठी टाकून पळत आला. ज्याला अंगणातला हौद दिसत नाही तो माणूस त्या बाकांवरून उड्या टाकत खाली येत होता. वरच्या ओळीत आन्थी उभी होती. तो तिच्या हाताच्या अंतरावरून गेला, त्याला ती दिसली नाही. ती त्याला धरायला पुढे झाली आणि धरू शकली नाही. मधल्या ओळीत तो गुडघ्यावर आपटला. उठला. "थांब रे, हलू नकोस," म्हणत होता, "तिथेच थांब, मी आलो, हलू नकोस."

त्याने येऊन सोतीरिसचे दोन्ही दंड घट्ट धरले. मग त्याचे हात वर गेले. खांदे चाचपले. मान चाचपली. फोतिस सडपातळ होता, त्याची हनुवटी टोकदार होती. लांब्रोसची बोटं सोतीरिसच्या मांसल हनुवटीवर आली आणि तिथे थांबली. सोतीरिस हलला नाही. आयुष्यभर ज्याने तोंड बंद ठेवलं नाही तो माणूस श्वास धरून उभा राहिला आणि म्हाताऱ्याला आपला चेहरा पूर्ण वाचू दिला. त्याबद्दल मी त्याला मानते.

हात खाली आले. एक हात माझ्यावर पडला. माझी कड त्याने अंगठ्याने तपासली, कानशीचा खरखरीतपणा जिथे आहे तिथे.

"मी सोतीरिस, काका," सोतीरिस कसाबसा म्हणाला. "माझी चूक झाली. मला माहीत नव्हतं."

मागून आन्थीचा आवाज आला, "बाबा, मी आहे."

लांब्रोसच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. त्याने माझ्यावरचा हात काढला. मग म्हणाला, "उन्हाचे चढून आलात. पाणी प्यायलात का?"

घरी द्राक्षवेलाखाली स्तामाताने रागारागाने त्याचा गुडघा धुतला. मग तिने पाहुण्यांपुढे चेरीचा मुरंबा आणि थंड पाणी ठेवलं, पाल्याची भाजी भरलेला भाजका रोट कापला, चीज ठेवलं. आन्थी कसं सांगावं ते मनात जुळवत होती. स्तामाताने सोतीरिसच्या ताटात तिसरा तुकडा वाढला.

"नको हो, पोट भरलं," तो म्हणाला.

"खा. लग्नात बारीक दिसायचंय का?"

आन्थीने मान वर केली. "आई, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला कशाला हवं? दोन वर्षांनी बाई पुरुषाला घेऊन डोंगर चढते ती काय दगड बघायला?" स्तामाताने डोळे पुसले, पण हातातली सुरी खाली न ठेवता. "बरं केलंस, बाय माझी. तू तिशीतली. माझ्या पोराच्या मागे तुझी हाडं कशाला वाळवायची! रोज दिवा लावताना मी हेच मागत होते."

आन्थी तिच्या गळ्यात पडून रडली. लांब्रोसने हात पुढे केला, हवेत शोधला, आणि आन्थीच्या डोक्यावर ठेवला. "सुखाने राहा. मनापासून म्हणतोय. हा माणूस बरा आहे. मी त्याचं तोंड चाचपलंय."

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. पण आन्थीने डोळे पुसून मला टेबलावर ठेवलं, त्याच्या हाताजवळ. "बाबा, ही परत आणलीय. आता बांधा ना. हिच्या मागून बाकीच्याही बांधा. शेरडं जातायत हो एकेक."

लांब्रोसने मला हात लावला नाही.

"पाच वर्षं या घरात होतीस," तो म्हणाला. "तुला कोणी सांगितलं नाही का गं? घंटा गळ्यात आली तर शेरडू आलं. घंटा हातात आली तर शेरडाला लांडग्याने खाल्लं. रानातून माणूस हातात घंटा घेऊन आला की आम्ही विचारत नाही काय झालं."

मला आठवलं. मला तर माहीत होतं! आठ वर्षांत माझ्या बरोबरच्या किती घंटा फोतिसने हातात घेऊन घरी आणल्या होत्या आणि काही न बोलता टेबलावर ठेवल्या होत्या. घरी जायच्या हावेपायी मी ते विसरले होते.

"तू ती नेलीस तेव्हा मला बरं वाटलं," लांब्रोस सांगत होता. "मी काय खुळा नाही. मीच त्याला मातीत ठेवलाय. पण शेरडं सोडताना मोठी घंटा कानाला लागली नाही की मी मनाशी म्हणायचो, पुढे गेलीय. पोरगा पुढे गेलाय, त्या समुद्राच्या बाजूला, आणि ती त्याच्याबरोबर आहे. दोन वर्षं मी एवढ्यावर काढली. बाकीच्यांची तोंडं म्हणूनच उघडली नाहीत. त्या वाजायला लागल्या की हिचा आवाज नाही हे कळणार. आज ती वाजली. मी धावलो. ती होती, ल्यारोस होता, आणि मागे तो नव्हता."

"मग आता तरी बांधा!" स्तामाता ओरडली. "कळलं ना, नाही येणार तो! उरलेल्या जित्या जिवांना तरी वाचवा!"

"कुणासाठी?" लांब्रोस म्हणाला. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

सोतीरिसने हळूच विचारलं, "मग आम्ही हिला परत घेऊन जाऊ का, काका?"

"नको. आता तिला नेऊन काय! येऊन तर गेली." तो उठला आणि भिंतीला हात लावत आत गेला.

मी टेबलावर पडून होते. आन्थी मला नेऊ शकत नव्हती, तो मला ठेवू शकत नव्हता. शेवटी स्तामाताने मला उचललं. आन्थी तिच्या मागून गेली. गावाच्या कडेला दफनभूमी आहे. फोतिसच्या थडग्याच्या डोक्याशी काचेच्या दाराची छोटी पेटी आहे, प्रत्येकाच्याच असते. आत त्याचा फोटो, तेलाचा दिवा, तेलाची बाटली, काडेपेटी. स्तामाताने बाटली बाजूला सरकवून माझ्यापुरती जागा केली. सोतीरिस फाटकाबाहेर टोपी हातात धरून उभा होता. मग ती दोघं पुलाकडे उतरून गेली. ऑक्टोबरमध्ये त्यांचं लग्न झालं. आन्थीने बोलावलं होतं, स्तामाता एकटी गेली.

तेव्हापासून मी इथे आहे. मोजाबिजा काही नाही, पण काचेच्या दारामुळे वारा आत येत नाही, त्यामुळे मी वाजत नाही. ल्यारोस हिवाळ्यात मेला. शेरडं एकोणीस उरलीत. लांब्रोस ती अजून मुकीच सोडतो, संध्याकाळी हाताने चाचपून मोजतो, आणि आकडा कमी आला तर शोधायला जात नाही. दफनभूमीत तो पाऊल टाकत नाही. दर शनिवारी स्तामाता येते, दिव्यात तेल घालते, मला राखेने घासते. घासताना माझ्या पोटात लोंबणारा लोळा दोन बोटांत घट्ट धरून ठेवते.

तुमच्यासारखे फिरायला येणारे लोक जुन्या कोटातून याच वाटेने वर येतात. तुम्हाला सगळं उघडून बघायची सवय असते. काचेच्या पेटीत फोटोशेजारी घंटा बघून तुम्हाला गंमत वाटेल, हात पुढे होईल. तुमच्या पाया पडते, ती कडी काढू नका. मला हात लावू नका. जन्मभर जिला वाजायचंच होतं ती घंटा हे सांगतेय, यावरून काय ते समजा.

गेल्या शनिवारी गार पडलं होतं. स्तामाताची बोटं आखडली होती, आणि पुसता पुसता लोळा तिच्या हातून सुटला. मी एकदा वाजले. एकदाच, तेही हळू. तिने मला छातीशी दाबलं आणि वरच्या उताराकडे बघत राहिली. तिथे लांब्रोस शेरडं घेऊन, फोतिसच्या थडग्याकडे तोंड करून उभा होता. या वेळी तो धावला नाही. ओरडलाही नाही. रानातून परतताना रोज कोणीही कोणाला म्हणावं तशा साध्या आवाजात तो म्हणाला, "तू हो पुढे. मी आलोच."